बिनतारी संदेश आणि शेतावरचा पंप

यंत्रविद्येतील काही वस्तू बाजारात इतक्या स्वस्त मिळू लागतात, की त्यांच्या पाठीमागची अडचण सामान्य माणसाच्या ध्यानातच येत नाही. बिनतारी संदेशाचे ‘मॉड्यूल’ ही अशांपैकीच एक वस्तू होय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले, की टपालाच्या तिकिटाहून थोडी मोठी अशी एक पाटी काही शे रुपयांत मिळते. तिच्यावर पत्र्याचे एक चपटे झाकण, कडेला सोनेरी दात, आणि एका कोपऱ्यात तार लावण्याची खोबण असते. ही पाटी आपल्या यंत्राला जोडली, की ते यंत्र दूरवरच्या माणसाशी बोलू लागेल, अशी आपली समजूत असते. ती अगदी खोटी नाही. परंतु ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, हे सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

विषय नुसत्या सिद्धांताने सांगितला तर रुक्ष होईल. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेणार आहोत, आणि तेही आपल्या पुणे जिल्ह्यातले: शेतावरच्या विहिरीचा पंप, त्याचा स्टार्टर, आणि त्या स्टार्टरला घरबसल्या हुकूम देणारे बिनतारी मॉड्यूल. शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, की आमचा शेतीशी काय संबंध? पण आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की खालचा पंप आपोआप बंद करणारे बिनतारी यंत्र असो, की घरात येऊ लागलेले नवे वीजमीटर असो, जे नियम शेतातल्या पेटीला लागू पडतात तेच येथेही पडतात. शेतात मात्र त्यांची परीक्षा अधिक कडक होते, इतकेच.

गरज कोठून आली

महाराष्ट्रात शेतीपंपांना अनेक वर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली: एका आठवड्यात दिवसा ८ तास, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री १० तास, अशी साधारण रीत. रात्रीची पाळी आली, की शेतकऱ्याने मध्यरात्री उठायचे, कंदील किंवा बॅटरी घ्यायची, बांधाबांधाने विहिरीपर्यंत जायचे आणि ‘लाईट’ आली आहे की नाही हे पाहून मोटर चालू करायची. नसली तर तेथेच ताटकळत बसायचे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत तर उसाच्या फडातून बिबट्यांचा वावर असतो. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी स्वतंत्र निवारा केंद्र काढावे लागले, यावरून प्रश्नाचे स्वरूप कळून येईल. साप, विंचू आणि ओल्या जमिनीवर उभे राहून हात लावावा लागणारा विजेचा खटका हे धोके निराळेच. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. परंतु वीज दिवसा मिळाली तरी विहीर घरापासून दोन-तीन किलोमीटरांवर असली, म्हणजे प्रत्येक खेपेला पायपीट आहेच.

या अडचणीवर पुण्यातच एक उपाय निघाला. संतोष ओस्तवाल या अभियंत्यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाचे यंत्र तयार केले. शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून शेतातल्या यंत्राला फोन लावायचा, ठरलेली बटणे दाबायची, की पंप चालू किंवा बंद व्हावा. शिवाय तेथे वीज आहे की नाही हेही फोनवरच कळावे, अशी त्याची योजना. २००९ साली नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या यंत्राला बक्षीस मिळाले. आरंभीच्या रचनेत साधा मोबाईल फोनच पंपाच्या यंत्राला जोडण्याची युक्ती होती. फोनचे प्रत्येक बटण दाबताना दोन सूर एकदम निघतात. उदाहरणार्थ, ५ च्या बटणाला ७७० आणि १,३३६ हर्ट्झ. ही सुरांची जोडी पलीकडे ओळखली, की कोणते बटण दाबले ते कळते आणि त्याप्रमाणे स्टार्टरला आज्ञा देता येते. पुढे अशा कामासाठी आख्खा फोन न लावता फोनचा केवळ बिनतारी भाग, म्हणजेच मॉड्यूल, यंत्रात बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

जुना वारसा

लांबून बिनतारी लहरी पाठवून एखादी क्रिया घडवून आणणे ही कल्पना नवी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जाहीर प्रयोग करून भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली आणि दारूही पेटवून दाखविली. म्हणजे बिनतारी लहरींनी शब्द वाहून नेण्यापूर्वीच खटका दाबण्याचे काम आपल्या देशात करून दाखविले होते.

पुण्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठविण्याचे केंद्र खडकीजवळ आणि संदेश घेण्याचे केंद्र दौंडला, अशी मांडणी होती. पुणे ते दौंड हे अंतर रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. एकाच सेवेची दोन केंद्रे इतकी दूर का ठेवावी लागली? कारण असे, की जेथे जोराने ओरडणारा माणूस बसलेला आहे तेथेच शेजारी बसून दूरची कुजबुज ऐकू येत नाही. प्रक्षेपकाचा आवाज प्रचंड आणि समुद्रापलीकडून येणारा संदेश अत्यंत क्षीण. म्हणून दोघांमध्ये मैलोगणती अंतर ठेवणे हाच त्या काळचा मार्ग होता.

आता या गोष्टीशी आपल्या हातातल्या पाटीची तुलना करून पाहावी. दुसऱ्या पिढीच्या मोबाईलचे मॉड्यूल ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलताना जास्तीत जास्त २ वॉट शक्ती बाहेर टाकते. तेच मॉड्यूल ऐकताना मात्र १ वॉटच्या सुमारे १६ लाख कोटींव्या भागाइतका क्षीण संदेशही ओळखू शकले पाहिजे, असे त्याचे मानक सांगते. बोलणे आणि ऐकणे यांच्या शक्तीत सुमारे ३० लाख कोटी पटींचा फरक! खडकी आणि दौंड ही दोन्ही केंद्रे आता दोन-अडीच सेंटिमीटरांच्या पाटीवर एकत्र नांदत आहेत. वेळेची वाटणी, लहरींची वाटणी आणि त्या पत्र्याच्या झाकणाखालच्या चाळण्या यांच्या योगाने हे साधले आहे. परंतु मॉड्यूल बनविणाऱ्याने झाकणाच्या आत जी शिस्त पाळली, ती झाकणाच्या बाहेर पाळण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते. यंत्रात मॉड्यूल बसविण्याची सगळी विद्या याच जबाबदारीत आहे.

मॉड्यूल म्हणजे काय

मॉड्यूलच्या पोटात चार गोष्टी असतात: लहरी पाठविणारा आणि घेणारा रेडिओ, मोबाईल यंत्रणेची भाषा जाणणारा संगणक, वेळेचे ठोके देणारा स्फटिक, आणि सिमकार्डाशी बोलण्याची सोय. आपल्या यंत्रातला लहानसा संगणक, ज्याला कारागीर ‘कंट्रोलर’ म्हणतात, तो मॉड्यूलशी दोन तारांवरून बोलतो. एका तारेने सांगायचे, दुसरीने ऐकायचे. ही बोली साध्या अक्षरांची असते आणि तिच्या आज्ञा ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. १९८० नंतरच्या दशकात संगणकाला टेलिफोन जोडण्यासाठी निघालेल्या मोडेमांची ही बोली. ती आजही जवळजवळ तशीच चालू आहे. ‘सिग्नल किती आहे’, ‘आलेला निरोप वाच’, ‘अमुक क्रमांकाला निरोप पाठव’, अशा या आज्ञा. हा भाग एखादा हुशार विद्यार्थी दोन दिवसांत शिकू शकतो.

आणि येथेच फसगत होते. पुण्यातल्या टेबलावर यंत्र उत्तम चालते, निरोप येतात-जातात, दिवा लागतो-विझतो, सगळे आनंदित होतात. तेच यंत्र ओतूरकडच्या एखाद्या खोलगट शिवारात नेले, की दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी मुके होते. पुन्हा पुण्यात आणावे तर ठणठणीत! मग कोणी मॉड्यूलला दोष देतो, कोणी मोबाईल कंपनीला. खरे कारण बहुधा निराळे असते. ते समजण्यासाठी मॉड्यूलच्या तीन गरजा पाहिल्या पाहिजेत: पोटाला अन्न, बोलायला मोकळे तोंड, आणि ऐकायला शांतता.

पोटाला अन्न

दुसऱ्या पिढीचा मोबाईल सतत बोलत नाही. आठ जणांनी एका लहरीवर पाळीपाळीने बोलावे, अशी त्याची व्यवस्था असते. प्रत्येकाची पाळी एका सेकंदात सुमारे २१७ वेळा येते आणि दर वेळी ती केवळ ५७७ मायक्रोसेकंद टिकते. मोबाईल रेडिओजवळ ठेवला असता पूर्वी जी ‘टर्र टर्र’ ऐकू येत असे, ती याच पाळ्यांची खूण. या क्षणभराच्या पाळीत मॉड्यूल सुमारे २ अँपियर प्रवाह ओढू शकते. एरवी त्याची भूक अगदी थोडी असते. म्हणजे दिवसभर वाटीभर खाणारा, पण मधूनच एका घासात पातेले रिकामे करणारा हा पाहुणा!

थोडे गणित करून पाहू. २ अँपियर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १,१५४ मायक्रोकूलंब इतका विद्युतभार एका पाळीला लागतो. मॉड्यूलला साधारण ३.८ व्होल्ट दिले जातात आणि दाब ३.४ व्होल्टच्या खाली गेला, की ते बंद पडण्याच्या मार्गाला लागते. म्हणजे खाली घसरायला जागा फक्त ०.४ व्होल्टची. शेजारी १,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ठेवले आणि मूळ पुरवठ्याने त्या क्षणी काहीच दिले नाही, तर दाब १.१५ व्होल्टने कोसळेल. सगळा भार कपॅसिटरवरच टाकायचा झाला, तर २,९०० मायक्रोफॅरडच्या आसपास साठा हवा. आणि नुसता साठा पुरत नाही. पुरवठ्यापासून मॉड्यूलपर्यंतच्या बारीक तांब्याच्या पट्टीचा रोध ०.२ ओहम असला, तरी २ अँपियरला तेथेच ०.४ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून पट्टी रुंद आणि आखूड ठेवायची, आणि साठा मॉड्यूलच्या अगदी तोंडाशी ठेवायचा. गच्चीवरची टाकी मोठी असली तरी नळ बारीक असेल तर बादली भरत नाही, तसेच हे आहे.

आता ओतूरचे कोडे सुटते. मोबाईलचा मनोरा जवळ असला, की तो मॉड्यूलला सांगतो, ‘हळू बोल, मला ऐकू येते’. मग मॉड्यूल कमी शक्तीने बोलते आणि प्रवाहही थोडा ओढते. पुण्यात मनोरे जागोजागी आहेत. शिवारात मनोरा दूर असतो, मध्ये टेकडी असते. तेव्हा मॉड्यूलला पूर्ण शक्तीने ओरडावे लागते, प्रवाह २ अँपियरपर्यंत चढतो, दाब कोसळतो आणि यंत्र बंद पडते. म्हणजे पुण्यात दोष नव्हता असे नाही. तो पुण्यात दिसत नव्हता. यावरून एक नियम निघतो: बिनतारी यंत्राची परीक्षा जेथे सिग्नल वाईट तेथे घ्यावी.

मोकळे तोंड

लहरी बाहेर टाकण्यासाठी आणि आत घेण्यासाठी अँटेना लागते आणि तिची लांबी लहरीच्या लांबीशी बांधलेली असते. पुणे आकाशवाणीचे मध्यम लहरींचे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाचा खांब उभारायचा झाला तर तो जवळजवळ ९५ मीटर उंच होईल. उलट ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरांची. तिचा चौथा हिस्सा केवळ ८.३ सेंटिमीटर. म्हणून मोबाईलची अँटेना खिशात मावते. परंतु लहान झाली तरी तिचा स्वभाव बदलत नाही. तिला भोवती मोकळी जागा हवी आणि पायाशी तांब्याचा पुरेसा पत्रा हवा. जवळ तार, बॅटरी किंवा माणसाचा हात आला, की तंबोऱ्याची तार जवारी सरकल्यासारखी बेसूर होते. बेसूर अँटेनेकडे गेलेली शक्ती बाहेर न पडता काही अंशी उलटून मॉड्यूलकडेच येते.

शेतातल्या स्टार्टरची पेटी लोखंडी पत्र्याची असते. बंद लोखंडी पेटीतून बिनतारी लहरी बाहेर येत नाहीत. ज्या थोड्या येतात त्या झाकणाच्या फटीतून. तरीही अँटेना पेटीच्या आत गुंडाळून ठेवलेली यंत्रे पाहावयास मिळतात. पेटीचे दार उघडून तपासणी केली की यंत्र चालते. कारागीर दार लावून घरी गेला, की बंद पडते! अँटेना पेटीबाहेर, शक्य तितकी उंच लावावी, हाच उपाय. पण येथेही तारतम्य हवे. बारीक केबलमध्ये या लहरींची शक्ती दर मीटरला सुमारे १ डेसिबल वाया जाते. ३ मीटर केबल लावली, की निम्मी शक्ती वाटेतच संपते. शिवाय अँटेना उन्हाळ्यात जेथे बसविली, तेथे भाद्रपदात उभा ऊस येणार आहे, याचा विचार आधी करावा. ओली पाने या लहरी शोषून घेतात.

ऐकायला शांतता

तिसरी गरज सर्वांत कमी लक्षात येते. मोटर चालू-बंद करणारा जो कॉन्टॅक्टर असतो, त्याची टोके उघडताना ठिणगी पडते. हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास बिनतारी लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनेच, हे येथे आठवावे. म्हणजे प्रत्येक कॉन्टॅक्टर हा हर्ट्झचा एक छोटासा प्रक्षेपक आहे आणि आपण त्याच्या शेजारी एक अत्यंत तिखट कानाचे मॉड्यूल आणून बसविले आहे. मॉड्यूलला ‘मोटर बंद कर’ असा निरोप आला, त्याने कंट्रोलरला सांगितले, कंट्रोलरने कॉन्टॅक्टर सोडला, आणि त्या ठिणगीच्या धक्क्याने कंट्रोलर गोंधळून स्वतःच पुन्हा सुरू झाला, असे प्रकार घडतात. मग मोटर बंद झाली की नाही हे मालकाला कळतच नाही.

उपाय जुने आणि स्वस्त आहेत. कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यावर एक रोधक आणि एक कपॅसिटर जोडून ठिणगी विझवावी. मोटरच्या जाड तारा आणि मॉड्यूलच्या बारीक तारा पेटीत एकत्र बांधू नयेत. दोन्ही विभागांमध्ये विजेचा सरळ संबंध न ठेवता प्रकाशाच्या किंवा रिलेच्या मध्यस्थीने आज्ञा पोचवावी. आणखी एक शत्रू घरातच असतो. कंट्रोलरचे घड्याळ समजा २४ मेगाहर्ट्झचे आहे. चौकोनी ठोक्यांतून त्याच्या विषम पटींचे सूरही निघतात आणि त्यांतला ३९ वा सूर ९३६ मेगाहर्ट्झवर येतो. मनोऱ्याकडून मोबाईलकडे येणाऱ्या लहरींचा पट्टा ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झ! म्हणजे यंत्र स्वतःच्याच कानाशी गुणगुणत राहते. घड्याळ अँटेनेपासून दूर ठेवणे आणि त्याच्या तारांखाली जमिनीचा पत्रा अखंड ठेवणे, हे पाटी आखतानाच करावे लागते. मागाहून करता येत नाही.

आज्ञा कोणाची, आणि पोचली कशावरून?

येथवर यंत्राच्या प्रकृतीचा विचार झाला. आता व्यवहाराचा विचार. बिनतारी निरोप हरवू शकतो, उशिरा येऊ शकतो, दोनदाही येऊ शकतो. म्हणून ‘पंप चालू कर’ अशी आज्ञा देऊन भागत नाही. पंप खरोखर चालू झाला, त्यात प्रवाह वाहतो आहे आणि पाणी येते आहे, हे मोजून उलट कळविले पाहिजे. कॉन्टॅक्टर ओढला गेला म्हणजे मोटर फिरली असे नव्हे. एखादा फेज गेलेला असतो, विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. आज्ञा कोणाच्या फोनवरून घ्यायची, याची यादी यंत्रात हवी. संपर्क तुटला तर यंत्राने काय करावे, हे आधीच ठरलेले असावे. आमच्या मते पंपाच्या बाबतीत ठरलेल्या वेळेनंतर बंद होणे हेच बरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटीवर हाताने फिरविण्याचा एक खटका असलाच पाहिजे, की जो फिरविला असता दूरच्या आज्ञेने मोटर मुळीच चालू होणार नाही. मोटर दुरुस्त करीत असलेल्या माणसाचा जीव त्या खटक्यावर अवलंबून असतो.

शेजाऱ्याचाही विचार हवा. एका डीपीवर वीस पंप आहेत आणि वीज येताच सगळे आपोआप एकदम चालू झाले, तर डीपीवर एकाएकी मोठा भार येऊन ती जळण्याची भीती असते. ज्या यंत्रात बिनतारी अक्कल आहे, त्याने वीज आल्यावर थोडे थांबून, प्रत्येकाने निरनिराळा वेळ घेऊन चालू व्हावे, एवढी सभ्यता त्याला सहज शिकविता येते.

सर्वांचे आकाश

या शेजारधर्माची व्याप्ती डीपीपुरती नाही. बिनतारी यंत्र आपल्या पेटीत असले तरी ते बोलते ते सर्वांच्या आकाशात. आपल्या देशात बिनतारी यंत्र बाळगण्यासाठी परवाना असावा, असा कायदा १९३३ साली झाला होता आणि घरच्या रेडिओसाठी पोस्टात परवान्याची फी भरल्याचे वयस्क श्रोत्यांना आठवत असेल. आज काही पट्टे लहान शक्तीच्या यंत्रांना परवान्यावाचून मोकळे आहेत. २,४०० मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा २००५ साली खुला झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचाही झाला आणि २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. शेतातल्या टाकीची पातळी, व्हॉल्व्हची स्थिती अशा लहान निरोपांना हा पट्टा फार सोयीचा आहे. मोकळा याचा अर्थ बेबंद नव्हे. शक्तीची मर्यादा आहे आणि यंत्राला सरकारची मान्यता लागते. परदेशातून मागविलेली ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूले येथे लावणारे लोक आढळतात. अमेरिकेत त्या लहरीला मोकळीक आहे. आपल्याकडे मात्र ती फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या मोबाईलच्या लहरींच्या काठावर येते. एका विहिरीच्या सोयीसाठी गावातले फोन बिघडविणे, असा तो प्रकार होईल.

आणि आपल्या जिल्ह्यात तर याहूनही नाजूक कानाचा एक शेजारी आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत आणि त्या दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या मीटर-लांबीच्या लहरी ऐकतात. त्या किती क्षीण असतात? २ वॉटचा एक मोबाईल चंद्रावर नेऊन ठेवला आणि तो तेथून बोलू लागला, असे समजा. ज्योतिर्विदांच्या ‘जान्स्की’ या मापाने त्याचे तेज शेकडो जान्स्की भरेल. खोडदची दुर्बीण एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाइतके तेजही सहज टिपते! मग चंद्रावरच्या नव्हे, शेजारच्या शिवारातल्या ठिणग्यांनी तिला किती त्रास होत असेल, याची कल्पना करावी. मोबाईलची लहर ठरलेल्या पट्ट्यात असते; ती टाळता येते. ठिणगीला पट्टा नसतो. ती सगळीकडे ओरडते.

येथे एक समाधानाची गोष्ट सांगितली पाहिजे. कॉन्टॅक्टरची ठिणगी विझविणारा जो रोधक आणि कपॅसिटर शेतकऱ्याच्या मॉड्यूलला गोंधळापासून वाचवितो, तोच खोडदच्या दुर्बिणीलाही थोडी शांतता देतो. स्वतःचे हित आणि शेजाऱ्याचे हित यांत येथे विरोध नाही. बिनतारी विद्येत असा योग वारंवार येतो.

आयुष्याचा मेळ

शेवटचा मुद्दा काळाचा. चांगला पंप पंधरा-वीस वर्षे टिकतो. आपल्या देशात मोबाईल सेवा १९९५ साली सुरू झाली. तेव्हापासून दुसरी, तिसरी, चौथी आणि २०२२ पासून पाचवी अशा पिढ्या आल्या. सीडीएमए पद्धतीची सेवा २०१६-१७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी आवरती घेतली, तेव्हा त्या पद्धतीची मॉड्यूले असलेली यंत्रे एकही सुटा भाग न बिघडता निरुपयोगी झाली. म्हणून मॉड्यूल मुख्य पाटीला कायमचे झाळून न टाकता वेगळ्या लहान पाटीवर, काढता-घालता येईल असे बसवावे. स्टार्टर आजोबाच्या वयाचा आणि मॉड्यूल नातवाच्या वयाचे, असा हा संसार आहे; त्यात नातवाला बदलण्याची सोय हवी.

सारांश, बिनतारी मॉड्यूल हा यंत्रातला इतरांसारखा एक भाग नव्हे. दिवा किंवा बटण यंत्रात बसते. मॉड्यूलसाठी मात्र यंत्राचीच मांडणी करावी लागते. त्याच्या भुकेप्रमाणे पुरवठा, त्याच्या लहरीप्रमाणे जागा, त्याच्या कानाप्रमाणे शांतता, आणि त्याच्या चंचलपणाप्रमाणे व्यवहाराचे नियम. तेव्हा आपल्या सोसायटीसाठी वा गावाकडच्या भावासाठी असे यंत्र घेताना केवळ किंमत आणि ‘ॲप’ पाहू नये. पाच प्रश्न विचारावेत: सिग्नल अगदी कमी असताना हे तपासले आहे काय? अँटेना पेटीबाहेर काढता येते काय? काम झाल्याचे हे मोजून कळविते, की नुसती आज्ञा पोचल्याचे सांगते? दुरुस्तीच्या वेळी दूरची आज्ञा तोडणारा खटका आहे काय? आणि मॉड्यूल बदलता येते काय? विकणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे देता आली, तर यंत्र बहुधा चांगले निघेल. आणि असे प्रश्न विचारणारे ग्राहक वाढले, तर यंत्रे बनविणारेही चांगली यंत्रे बनवू लागतील. विज्ञानाची फळे विकत घेणाऱ्या समाजाने एवढी जिज्ञासा तरी बाळगावी, अशी आमची अपेक्षा आहे.